विदर्भातल्या गावात मानसशास्त्राचं संशोधन करावं का, आणि त्याला पैसा कुठून आणावा?

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. आम्ही जे प्रयोग शिकवतो ते पुन्हा करून पाहिले तर उतरत नाहीत, असं अलीकडे सारखं वाचनात येतं. दुसरीकडे संशोधनासाठी हजारो कोटींच्या घोषणा होतात, पण आमच्यासारख्यांपर्यंत काही पोचत नाही. मला शेतकरी कुटुंबांच्या मानसिक आरोग्यावर काम करायचं आहे. अशा वेळी गावात संशोधन करण्यात अर्थ आहे का? सुरुवात कुठून करू आणि पैसा कोणाकडे मागू?

उत्तर:

ताई, अर्थ नक्की आहे. यवतमाळ-अमरावतीकडच्या गावांत मानसिक आरोग्याचं काम करताना माझं एक मत पक्कं झालं आहे, ते आधीच सांगतो. दुसरीकडे सिद्ध झालेली गोष्ट आपल्या गावात, आपल्या हंगामात, तुलनेला दुसरी गावं ठेवून मोजून पाहिल्याशिवाय तिच्यावर कार्यक्रम उभा करू नये. आणि पैसा मागायचा तो या मोजण्यासाठी मागावा.

आधी पुस्तकातल्या प्रयोगांचं बघू. तुम्ही वाचलं ते खरं आहे. २०१५ मध्ये ब्रायन नोसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नामांकित नियतकालिकांतले मानसशास्त्राचे १०० अभ्यास नव्याने करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांमध्ये निष्कर्ष संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला होता. दुसऱ्या खेपेला तो ३६ टक्क्यांमध्येच उतरला. इच्छाशक्ती वापरली की ती खर्च होते, हा सिद्धांत तुमच्याही अभ्यासक्रमात असेल. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर लोकांवर त्याचा एकच प्रयोग केला, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. समोरची मिठाई न खाता थांबणारी लहान मुलं पुढे जास्त यशस्वी होतात, हा गाजलेला निष्कर्ष २०१८ मध्ये मोठ्या नमुन्यावर तपासला गेला. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशोबात धरल्यावर तो संबंध बराचसा विरून गेला. माणसांच्या प्रामाणिकपणावरचा २०१२ चा एक प्रसिद्ध शोधनिबंध तर २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण त्यातल्या एका प्रयोगाची आकडेवारी बनावट असल्याचं उघड झालं.

म्हणून विद्यार्थ्यांना "मानसशास्त्र खोटं निघालं" असं मात्र सांगू नका. ही सगळी झाडाझडती मानसशास्त्रज्ञांनी स्वतःच घेतली आहे, आणि त्यातून कामाची शिस्त बदलते आहे. काय शोधणार, कसं मोजणार, कोणता आकडा आला तर आपलं म्हणणं चुकलं असं मानणार, हे माहिती गोळा करायच्या आधी लिहून नोंदवायचं. काही नियतकालिकं तेवढ्या आराखड्यावरच निबंध स्वीकारतात आणि निष्कर्ष काहीही आला तरी छापतात. २०१३ च्या सुमारास सुरू झालेली ही पद्धत आज शेकडो नियतकालिकांत आहे. मला विचाराल तर गेल्या पंधरा वर्षांत या शास्त्रात झालेली सगळ्यात मोठी प्रगती हीच, आणि ती गावातल्या कॉलेजालाही फुकट वापरता येते.

माझ्या मताच्या थोडी विरुद्ध जाणारी एक गोष्टही सांगायला हवी. २०१८ मध्ये मानसशास्त्राचे २८ निष्कर्ष ३६ देश-प्रदेशांत एकाच वेळी तपासले गेले. त्यातले निम्मे टिकले. जे टिकले ते बहुतेक ठिकाणी टिकले आणि जे पडले ते बहुतेक ठिकाणी पडले. म्हणजे देश बदलला की सगळंच बदलतं, असं नाही. पण हे प्रयोग छोटे होते, कागदावर किंवा संगणकावर काही मिनिटांत उरकणारे. गावात चालणारा कार्यक्रम म्हणजे आशाताईंचा वेळ, कर्जाचा हप्ता, पावसाचा खंड, दवाखान्याचं अंतर असं सगळं एकत्र असतं. तिथे जागेचा फरक पडतोच, आणि किती पडतो ते मोजल्याशिवाय कळत नाही.

आपल्या जवळचं एक उदाहरण घ्या. २०१३ मध्ये आनंदी मणी, सेंधिल मुल्लयनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच शेतकऱ्याची कापणीआधी आणि कापणीनंतर बुद्धीची आणि एकाग्रतेची चाचणी घेतली. हातात पैसा नसताना गुण कमी, पैसा आल्यावर जास्त. पैशाची चिंता डोकं व्यापून टाकते आणि बाकीच्या विचाराला जागा उरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. अभ्यासाची आखणी हुशारीची होती, कारण कारखाना वेगवेगळ्या शेतकऱ्यांना तोडणीच्या वेगवेगळ्या तारखा देतो. त्यामुळे ऋतूचा परिणाम आणि पैशाचा परिणाम वेगळा काढता आला. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेत पगाराच्या दिवसाआधी आणि नंतर अशाच चाचण्या घेतल्या गेल्या, तिथे असा फरक दिसला नाही.

आता हा अभ्यास उचलून कापसाच्या शेतकऱ्याला लावला तर काय होईल? उसाचा पैसा मोठ्या हप्त्याने येतो. कापूस तीन-चार वेचण्यांत घरी येतो. पहिल्या वेचणीचा कापूस दिवाळीच्या आसपास पडेल त्या भावात खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, जातो, कारण वेचणीची मजुरी नगद द्यावी लागते. कृषी केंद्राची उधारी त्याच वेळी दारात उभी असते. सोयाबीनचा पैसा त्याआधी आलेला असतो आणि बहुधा रब्बीच्या बियाण्यात गेलेला असतो. म्हणजे "पैसा आला" असा एक दिवसच इथे दाखवता येत नाही. काही घरांत तर माल विकल्यानंतरचा आठवडा सगळ्यात वाईट असतो, कारण हिशोब तेव्हाच कळतो. मुळात प्रश्न मोलाचा आहे, पण आपल्याकडे तो नव्याने रचावा लागेल: चिंता कधी सर्वांत जास्त असते? पोळ्याच्या आधी, की माल विकल्यावर? एका कॉलेजचे विद्यार्थी वर्षभर महिन्यातून एकदा त्याच कुटुंबांकडे गेले तर याचं उत्तर मिळू शकतं.

मोजण्याचं साधनही बारकाईनं बघावं लागतं. नैराश्य मोजायला सगळीकडे वापरली जाते ती पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती दिवस झाला असं विचारायचं, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. सहसा १० किंवा अधिक गुण आले की नैराश्याची शक्यता धरतात. त्यात एक प्रश्न झोपेचा, एक थकव्याचा, एक भुकेचा.

डिसेंबरात हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत एखाद्या ओसरीवर बसून झोपेचा प्रश्न विचारून बघा. "झोपाले वेळ कुठी हाये भाऊ, रातच्याले लाईन रायते," असं उत्तर येतं. कृषिपंपाला वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. रात्रीची पाळी असली की माणूस मोटर सुरू करून बांधावर जागा असतो. ज्याला पाणी द्यायचं नाही तो रानडुकरांपायी जागलीला गेलेला असतो. घरातली बाई दिवसभर कापूस वेचून आलेली असते, तिला थकव्याच्या प्रश्नाला "रोजच" म्हणण्यावाचून दुसरं उत्तर नाही. दोन्ही प्रश्नांना तीन-तीन गुण पडले की सहा गुण मनाची काहीही विचारपूस न करता जमा झाले. सर्व्हे करणारी मुलगी कागदावर खूण करून पुढच्या घरी जाते आणि अहवालात गावातलं नैराश्य वाढलेलं दिसतं.

उलटही घडू शकतं. ज्या गावाला सौर फीडरमुळे दिवसा वीज मिळू लागली, तिथे झोपेचे गुण आपोआप उतरतील. त्याच वर्षी तिथे समुपदेशनाचा कार्यक्रम सुरू झाला असेल तर श्रेय कार्यक्रमाला जाईल. म्हणून मी मुलामुलींना सांगतो की झोपेच्या प्रश्नानंतर एक जोडप्रश्न विचारा आणि तो वेगळा नोंदवा: रात्री कामासाठी जागावं लागलं का? काम नसलेल्या रात्री झोप लागते का? मूळ प्रश्नावलीचे गुण बदलायचे नाहीत, नाहीतर दुसऱ्या अभ्यासांशी तुलना होणार नाही. शेजारी ही माहिती असली की विश्लेषण करताना खरं चित्र वेगळं काढता येतं. गावातल्या माणसानं गावात केलेल्या संशोधनाचं मोल इथे दिसतं. हा जोडप्रश्न मुंबईत किंवा बोस्टनमध्ये बसून सुचणं कठीण आहे.

हंगामाचा दुसरा फास तुलनेत आहे. ऑगस्टमध्ये पहिला सर्व्हे केला आणि जानेवारीत दुसरा, तर मधे काहीही न करता गुण सुधारलेले दिसू शकतात. ऑगस्टात घरातला पैसा संपलेला, पीक पावसाच्या भरवशावर. जानेवारीत निदान घरात काही आलेलं असतं. शिवाय अगदी वाईट अवस्थेत जी माणसं आपल्याकडे येतात, त्यांतली बरीच काही काळानं उपचाराविनाही थोडी सावरतात. यावर उपाय एकच, कार्यक्रम न झालेली तशीच गावं सोबत मोजणं. शक्य असेल तर कोणत्या गावात आधी कार्यक्रम सुरू करायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं आणि उरलेल्या गावांत वर्षभरानं तोच कार्यक्रम न्यावा. यात कोणाला वगळलं जात नाही. ग्रामपंचायतीसमोर उघडपणे चिठ्ठ्या काढल्या तर लोक समजूनही घेतात.

आपल्या भागातलं या विषयावरचं सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झालेला विश्राम हा कार्यक्रम. गावपातळीवरचे प्रशिक्षित कार्यकर्ते, त्यांच्यावर समुपदेशक आणि गरजेपुरते मनोविकारतज्ज्ञ अशी त्याची रचना होती. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष लॅन्सेट सायकियाट्रीत प्रसिद्ध केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून अठरा महिन्यांत २७.२ टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार मनात येऊन गेल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. हे आकडे मला आजही उभारी देतात, कारण डॉक्टर नसलेली गावातली माणसं नीट शिकवली तर हे काम करू शकतात हे त्यांतून दिसतं. गोव्यात झालेल्या चाचणीनंही तेच दाखवलं. तिथे गावं नव्हे, रुग्ण चिठ्ठीनं दोन गटांत वाटले होते. विश्राममध्ये मात्र तुलनेची वेगळी गावं नव्हती, आधी आणि नंतर एवढीच मोजणी होती. मदत घेणारे सहापट वाढले यामागे कार्यक्रम आहे, हे मला पटतं, इतका फरक नुसत्या हंगामानं पडत नाही. आत्महत्येच्या विचारांतली घट किती कार्यक्रमामुळे आणि किती त्या वर्षीच्या परिस्थितीमुळे, हे मात्र त्या रचनेतून सांगता येत नाही. तुमच्या तालुक्यासाठी पुढचा प्रश्न इथे तयारच आहे.

चांगली वाटणारी कल्पना मोजून पाहणं का गरजेचं आहे, यासाठी श्रीलंकेकडे बघा. तिथेही कीटकनाशकांमुळे होणाऱ्या आत्महत्या हा मोठा प्रश्न होता. एक सरळ उपाय सुचवला गेला: प्रत्येक शेतकऱ्याला फवारणीचं औषध ठेवायला कुलपाची पेटी द्या, म्हणजे रागाच्या किंवा निराशेच्या क्षणी ते हाताशी राहणार नाही. कोणालाही पटेल असा उपाय, आणि पेट्या वाटायला देणगीदारही पुढे आले असते. पण आधी चाचणी झाली. १८० गावं चिठ्ठीनं निम्मी-निम्मी केली, नव्वद गावांत पेट्या दिल्या, नव्वदमध्ये नाही, आणि दोन लाखांवर लोकसंख्येवर तीन वर्षं नजर ठेवली. २०१७ मध्ये निष्कर्ष आला: कीटकनाशकानं स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. पेट्यांनी फरक पडला नाही.

त्याच देशात दुसऱ्या एका गोष्टीनं फरक पडला. सर्वांत जास्त जीव घेणारी कीटकनाशकं सरकारनं टप्प्याटप्प्यानं बाजारातून काढली. १९९५ पर्यंत मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस, १९९८ मध्ये एंडोसल्फान, २००८ ते २०११ दरम्यान डायमेथोएट, फेन्थिऑन आणि पॅराक्वाट. आत्महत्यांचा दर १९९५ च्या शिखरावरून पुढच्या वीस वर्षांत सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. पिकांचं उत्पादन त्यामुळे घटल्याचा पुरावा मिळाला नाही. दुःख, कर्ज, घरातली भांडणं त्या देशातही संपलेली नव्हती. पण संकटाचा तो एक तास ज्यांनी काढला, त्यांच्यातले बहुसंख्य पुढे जगले.

आपल्याकडे मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाची नोंदणी रद्द करण्याचा आदेश २०२३ मध्ये निघाला. श्रीलंकेनंतर जवळजवळ तीन दशकांनी. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. तेव्हा मास्क आणि हातमोजे वाटण्यावर सगळा भर होता. मास्क घालून ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत (कपाशीत) दोन तास फवारणी करून बघितल्याशिवाय तो उपाय किती टिकतो हे कळत नाही. विषाची तीव्रता मुळातूनच कमी करणं हा उपाय माणसाच्या सावधगिरीवर अवलंबून नसतो. या विषयात मला राहवत नाही, कारण इथे विज्ञान स्पष्ट आहे आणि त्यात गेलेलं प्रत्येक वर्ष माणसांच्या जिवानं मोजलं जातं.

तुम्हाला हवा तसा संशोधनाचा विषयही यातच आहे, आणि तो फार खर्चाचा नाही. तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात विषबाधेचे रुग्ण येतात, त्यांची नोंद रजिस्टरला असते. परवानगी घेऊन, नावं न उतरवता, महिना, वय, स्त्री की पुरुष, कोणतं औषध, पुढे काय झालं एवढंच पाच-सात वर्षांचं उतरवून काढा. सोबत कृषी केंद्रांत आज कोणती औषधं विकली जातात ते बघा. बंदीच्या आदेशानंतर फरक पडला का, की एका विषाची जागा दुसऱ्यानं घेतली? ही साधी मोजणी प्रत्येक तालुक्यात करता येते, आणि तिच्यासाठी गावोगाव पैसा वाटावा लागत नाही.

स्थानिक माहिती किती तोकडी आहे तेही सांगतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं केलेलं २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झालं. दहापैकी एका प्रौढाला त्या वेळी मानसिक आजार असल्याचा आणि बहुतेकांना उपचार मिळत नसल्याचा त्याचा निष्कर्ष सगळीकडे सांगितला जातो, विदर्भातल्या कार्यशाळांतही. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या ११,२९० शेतकरी आणि शेतमजुरांच्या आत्महत्यांपैकी ४,२४८ महाराष्ट्रातल्या, आणि ज्या राज्यात हा प्रश्न सर्वांत मोठा तेच राज्य त्या सर्वेक्षणात नव्हतं. आत्महत्यांच्या जिल्हा पातळीवरच्या नोंदींचंही तसंच. कुटुंबाला सरकारकडून मिळणाऱ्या एक लाखाच्या सानुग्रह मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे सातबारा, कर्ज, वसुलीचा तगादा या निकषांवर ठरतं. ते मदतीसाठी ठीक असेल, पण संशोधनाचा आकडा म्हणून तो वापरला की जिच्या नावावर सातबारा नाही ती शेतकरी बाई, ठेक्यानं शेती करणारा, शेतमजूर हे सगळे हिशोबातून गळतात.

नीट मोजलं तर गावातलं संशोधन कुठवर पोचतं, याचा दाखला आपल्याच विदर्भात आहे. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला गावातल्याच स्त्रियांना शिकवलं आणि तुलनेला ४७ गावं ठेवली. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला निष्कर्ष: नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट. पुढे देशभर आशाताई घरी जाऊन बाळाचं वजन करू लागल्या त्यामागे हे काम आहे. त्या ४७ गावांची मोजणी झाली नसती तर कोणीही म्हटलं असतं की मृत्युदर सगळीकडेच कमी होत होता.

आता पैसा. देश संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) सुमारे ०.६४ टक्के खर्च करतो, आणि त्यातला समाजविज्ञानाचा वाटा छोटाच. २०२३ च्या कायद्यानं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झालं. पाच वर्षांत ५०,००० कोटी अशी घोषणा होती, पण त्यातले १४,००० कोटीच केंद्राचे आणि उरलेले उद्योग, देणगीदार यांच्याकडून येतील असं गृहीत होतं. २०२५ मध्ये मंजूर झालेला एक लाख कोटींचा संशोधन-विकास निधी तर मुख्यतः खासगी कंपन्यांच्या तंत्रज्ञानासाठी कमी व्याजाचं भांडवल म्हणून आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही. फाउंडेशनची एक योजना मात्र बघण्यासारखी आहे: एका मोठ्या संस्थेभोवती राज्य विद्यापीठांचं जाळं बांधून त्यांना एकत्र निधी. तुमचं विद्यापीठ अशा कुठल्या जाळ्यात आहे का, हे विभागप्रमुखांना विचारून घ्या.

परदेशी पैशाच्या भरवशावर राहू नका. परदेशी निधीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी घेणारी संस्था तो दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही, आणि प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करू शकत नाही. पूर्वी मोठी संस्था पैसा आणायची आणि तालुक्यातल्या छोट्या संस्थेला कामाचा वाटा द्यायची, तो रस्ता बंद झाला. २०२५ मध्ये एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनंही तिथल्या विद्यापीठांमार्फत परदेशी संस्थांना उप-अनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवली.

माझ्या मते तुमच्यासाठी तीन दारं आहेत. समाजविज्ञानासाठी आयसीएसएसआरचे (भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद) छोटे प्रकल्प, तिथे तुमच्या कॉलेजच्या प्राध्यापकाला अर्ज करता येतो. आरोग्यासाठी आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) अनुदान, पण तिथे वैद्यकीय महाविद्यालयातला एक सहकारी सोबत असेल तर बरं पडतं. सेवाग्राम, यवतमाळ, अमरावती ही तिन्ही जवळ आहेत. तिसरं दार कमी लोक वाजवतात: कोळसा-चुनखडीच्या पट्ट्यातलं जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे खाणवाल्यांकडून जमा होणारा जिल्ह्याचा निधी, आणि कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा पैसा. खनिज निधीत आरोग्य हा प्राधान्याचा विषय आहे. तिथे नुसतं संशोधन मागितलं तर नकार येईल. आधीच मंजूर झालेल्या आरोग्य कार्यक्रमात मोजणीसाठी पाच-सात टक्के ठेवा, असा प्रस्ताव न्या.

निधी वाटण्याच्या पद्धतीवरही बाहेर प्रयोग चालू आहेत. न्यूझीलंडची हेल्थ रिसर्च कौन्सिल २०१३ पासून एका योजनेत किमान दर्जा पार केलेल्या प्रस्तावांमधून चिठ्ठीनं निवड करते. ब्रिटिश अकादमीनं २०२२ पासून छोट्या अनुदानांसाठी तसं सुरू केलं. दर्जा सारखा असलेल्या दोन प्रस्तावांत तज्ज्ञांची समिती फरक करायला बसली की ओळखीचं नाव आणि मोठ्या शहरातली संस्था पुढे जाते, हे ओळखूनच हा बदल झाला. आपल्या विद्यापीठांनी छोट्या अनुदानांत हे करून बघावं असं मला मनापासून वाटतं. पन्नास हजारांचं अनुदान घ्यायला आलेल्या प्राध्यापकांना सादरीकरणाच्या रांगेत दिवसभर बसवण्यापेक्षा ते न्यायाचं आहे.

बजेट लिहिताना शेतीचं वर्ष धरा. आर्थिक वर्षाच्या हिशोबानं निधी बरेचदा हिवाळ्यात हातात पडतो आणि ३१ मार्चला पैसा खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र मागतात. त्यात पावसाळाच सुटतो. प्रस्तावातच लिहा की पहिली मोजणी मृगाआधी, दुसरी पोळ्याच्या आसपास, तिसरी माल विकल्यावर, चौथी पुढच्या मृगाआधी, आणि दोन आर्थिक वर्षांत विभागून हप्ते मागा. आशाताई आणि गावातल्या मुलींच्या वेळेचे पैसे वेगळ्या ओळीत दाखवा. संशोधनाच्या नावाखाली त्यांच्याकडून फुकट काम करून घेऊ नये, याबाबत मी आग्रही आहे.

एक अट पाळल्याशिवाय मात्र दारात जाऊ नका. पीएचक्यू-९ चा शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याला कोणी "हो" म्हटलं तर त्या क्षणी काय करायचं हे सर्व्हेच्या आधी ठरलेलं आणि लिहिलेलं हवं: त्या माणसाजवळ कोण थांबेल, घरातल्या कोणाला त्याच्या संमतीनं सांगायचं, त्याच दिवशी कोणत्या डॉक्टरांना फोन जाईल. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर मराठीत आणि चोवीस तास चालतो, तो प्रत्येक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या आणि प्रत्येक घरी लिहून द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरलं जातं, त्याला शिक्षा होत नाही. हे गावात फार थोड्यांना माहीत आहे. पोलीस केस होईल या भीतीनं लोक लपवतात, त्यामुळे मुलांनी हे स्पष्ट शब्दांत सांगितलं पाहिजे.

तर या महिन्यात एवढं करा. विषबाधेच्या रजिस्टरचा दोन पानांचा आराखडा लिहा: प्रश्न कोणता, किती वर्षांच्या नोंदी, कोणता आकडा आला तर बंदीचा परिणाम झाला नाही असं मानणार. तो घेऊन जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागात जा आणि त्यांच्या नैतिकता समितीपुढे ठेवायला सांगा. समितीची मंजुरी आली की ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना परवानगीचं पत्र द्या. पुढे गावांत चिठ्ठ्या टाकून कार्यक्रमाची चाचणी करायची ठरली तर ती क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात पहिला माणूस सामील व्हायच्या आधी नोंदवावी लागते. नोंदणी ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत. रजिस्टरच्या कामासाठी तिची गरज नाही. पत्रांची उत्तरं यायला वेळ लागेल, तोवर द्वितीय वर्षाच्या मुलांना जोडप्रश्नांसह प्रश्नावली आपापल्या गल्लीत नव्हे, तर एकमेकांच्या वर्गात विचारायचा सराव द्या.